चार रुपयांचा हिशेब

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याच्या पगारपत्रकात कपातीच्या बाजूला एक लहानशी ओळ असते: व्यवसाय कर. बऱ्यापैकी पगार असेल तर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, सोसायटीचा हप्ता यांच्या गर्दीत या ओळीवर नजर थांबत नाही. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने, वकिलाने, दुकानदाराने थोडे पैसे द्यायचे, वाहनं आणि बागायती जमीन यांवरच्या करांतून थोडे यायचे, सरकारने तेवढीच भर घालायची आणि त्या निधीतून खेड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, असा तो करार होता. आपल्याच गरिबांसाठी एखाद्या राज्याने कायदा करून स्वतःवर कर बसवून घेतला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

या पुस्तकातले लेख त्या कराराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून लिहिलेले आहेत. गरिबीवर झालेला अभ्यास गरिबाच्या पदरात कधी पडतो, कसा पडतो आणि वाटेत कुठे सांडतो, हा त्यांचा विषय. विषय मोठा आहे, म्हणून प्रस्तावनेत मी एकाच योजनेचं बोट धरून चालणार आहे. महाराष्ट्राची रोजगार हमी मी जवळून पाहिली आहे, आणि अभ्यास व धोरण यांची इतकी दीर्घ, इतकी भांडणाची आणि इतकी फळाला आलेली सोबत आपल्याकडे दुसरी नाही.

मी या विषयात शिरलो तो प्रश्नावल्यांची पिशवी खांद्याला लावून. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध, मराठवाड्यात नाला बंडिंगचं एक काम, एप्रिलचं ऊन. पुरुष टिकावाने मुरूम फोडत होते, बाया ओळीने घमेली पुढे देत होत्या. बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत एक तान्हं झोपलं होतं. भाकरीच्या सुट्टीत मी एका मावशींपुढे बसलो आणि छापलेला प्रश्न वाचून दाखवला: गेल्या बारा महिन्यांत रोजगार हमीवर किती दिवस काम मिळालं? मावशींनी भाकरीचा तुकडा मोडत विचारलं, “कागदावरचे सांगू, का खरे?”

माझ्या प्रश्नावलीत त्या प्रश्नापुढे एकच रकाना होता.

त्या रकान्याचं पुढे काय झालं ते सांगेनच. आधी हे रकाने आले कुठून ते पाहू. आपल्याकडे भूक आकड्यांत मांडायचा पहिला मोठा प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. माणसाला जगायला कमीत कमी किती लागतं, हे ठरवायला त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांना मिळणाऱ्या शिध्याचा आधार घेतला. सरकार कैद्याला जेवढं अन्नवस्त्र देतं तेवढंही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवलं. पुढे १९१७ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास छापला. आज तिथे उंच इमारती आणि संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांची वस्ती आहे. मान यांनी पाहिलं ते खेडं होतं, आणि त्याची शेतं पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंध्यांसारखी झाली होती: १७७१ च्या सुमाराला सरासरी ४० एकर असलेली धारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. मोजणीशिवाय हे कुणाला सांगता आलं असतं? गावातल्या प्रत्येकाला आपापला तुकडा लहान झाल्याचं ठाऊक होतं, पण अख्खं गावच तुकड्यांवर आलं आहे हे दिसायला एक तक्ता लागला.

मग १९७१. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला रोज सरासरी २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही त्यांची रेषा. १९६०-६१ च्या किमतींत तो खर्च खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये निघाला. या रेषेखाली खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक होते. ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द आज रेशनकार्डापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे सापडतो. त्याच्या मुळाशी हे काम आहे. पण मला त्यातलं जास्त मोलाचं वाटतं ते रेषेच्या पुढचं. जमीन वाटून सगळ्यांना पुरणार नाही, तेव्हा उरलेल्यांना मजुरीचं काम सरकारनेच मोठ्या प्रमाणावर पुरवलं पाहिजे, हा निष्कर्ष त्यांनी न कचरता लिहिला. आपल्या निष्कर्षाची किंमत किती येईल, हेही त्यांनी मांडलं. आकडे देऊन बाजूला होणारे अभ्यासक पुष्कळ असतात. या दोघांनी बिलही पुढे ठेवलं.

गंमत अशी, की याच दिशेने एक माणूस वेगळ्या वाटेने आधीच निघाला होता. वि. स. पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ मध्ये त्यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग करून पाहिला. नंतर १९७२ चा दुष्काळ आला. त्या दुष्काळाची आठवण असलेली माणसं आजही मिलो (रेशनवरची लाल ज्वारी), सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ) आणि खडी हे तीन शब्द एका दमात उच्चारतात. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्यांत भूमिहीन होते तसे बऱ्यापैकी जमीन असलेले शेतकरीही होते. विहीर आटली की सातबारा खाता येत नाही. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. पीक इतकं बुडूनही मोठ्या संख्येने भूकबळी गेले नाहीत, याचं मोठं श्रेय त्यांनी या कामांना आणि कामांसाठी मोर्चे काढणाऱ्या मजुरांना दिलं. मोर्च्यांचं श्रेय विसरता कामा नये. खडी फोडणाऱ्या बायांनी तहसील कचेरीला घेराव घातला नसता, तर अनेक कामं कागदावरच राहिली असती.

दुष्काळ सरला, पण हमीचा विचार उरला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. देता आलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा, तो दिवसाला निदान १ रुपया. खर्चातला साठ टक्के तरी वाटा मजुरीवर गेला पाहिजे. वर्षाला अमुकच दिवस, अशी मर्यादा नाही. केंद्राने २००५ मध्ये देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा कुटुंबाला वर्षाला १०० दिवस धरले. महाराष्ट्राचा मूळ कायदा त्याहून उदार होता. या कायद्याने मजुराच्या हातात एक कागद दिला: नमुना ४, कामाची मागणी. दुष्काळात सरकार काम काढतं तेव्हा ती मेहेरबानी असते. नमुना ४ भरून पोच घेतली की काम न देणारा अधिकारी कायद्याच्या कचाट्यात येतो. दांडेकर-रथांच्या निष्कर्षाला आणि पाग्यांच्या प्रयोगाला पाय फुटले ते इथे.

आता चार रुपये. रोजगार हमीवर तेव्हा दिवसाची मजुरी ४ रुपये होती. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. पागे यांच्याच समितीने अन्नाच्या गरजेवरून हिशेब करून तो काढला होता. डॉ. अभय बंग त्या काळात वर्धा जिल्ह्यात कान्हापूरला शेतमजुरांमध्ये काम करत होते. त्यांनी तो हिशेब मुळापासून तपासला. तपासणारा डॉक्टर होता, हे महत्त्वाचं. दिवसभर टिकाव मारणाऱ्या शरीराला किती उष्मांक लागतात, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच शरीरशास्त्राचा आहे. समितीच्या आकडेमोडीत बंग यांना चुकांमागून चुका सापडल्या. दुरुस्त करून पुन्हा बेरीज केली तर मजुरी १२ रुपये यायला हवी होती. त्यांनी ते लिहिलं, छापलं, मजुरांपर्यंत आणि विधिमंडळापर्यंत नेलं. पुढे मजुरी १२ रुपये झाली. लाखो माणसांची मजुरी तिपटीने वाढली ती मुळात एका माणसाने दुसऱ्याची बेरीज पुन्हा करून पाहिली म्हणून.

ही घटना मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. त्यातली मला सर्वांत जास्त टोचणारी बाब अशी, की चुकीचा हिशेब कुणा शत्रूने केलेला नव्हता. पागे मजुरांचे खरे मित्र होते. रोजगार हमीचे जनकच. तरीही किमान मजुरीच्या हिशेबात तीन ठिकाणी हात आखडता घेता येतो, आणि तो कुणाच्या लक्षातही येत नाही. एका माणसाला किती अन्न लागतं? एका मजुरीवर किती तोंडं धरायची? आणि वर्षाचे किती दिवस काम मिळेल असं मानायचं? पहिल्या दोन ठिकाणी थोडंथोडं कमी आणि तिसऱ्या ठिकाणी थोडं जास्त धरलं, की गुणाकार-भागाकारात मजुराचं अर्धं जेवण नाहीसं होतं. मधल्या प्रश्नात तर घरातली म्हातारी सासू माणूस म्हणून मोजली जाते की नाही, हे ठरतं.

मजुरीचा दर ठरला म्हणजे तो हातात पडला, असंही नाही. रोजगार हमीचा रोज हजेरीवर मिळत नव्हता, कामाच्या मापावर मिळत होता. आठवड्याच्या शेवटी टेप घेऊन साहेब यायचे. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. माती किती लांब वाहिली, किती उंच चढवली. आणि सगळ्यांत कळीचं म्हणजे जमीन कुठली: मऊ माती, मुरूम की खडक? प्रत्येकाचा दर वेगळा. मी पाहिलेल्या एका कामावर वरचा हातभर थर मऊ होता आणि खाली टिकाव उडत होता. मोजमापाच्या वहीत सगळा खड्डा मऊ मातीत धरला गेला. त्या आठवड्याला त्या टोळीची मजुरी ठरलेल्या दराच्या निम्मीही भरली नाही. कुणी चोरी केली, असं मी म्हणत नाही. मोजणाऱ्याने वरून पाहिलं आणि खोदणाऱ्याला खालचं ठाऊक होतं. त्या टोळीतली एक पोरगी तळहातावरचे फोड दाखवत मला म्हणाली, “ह्ये बी मोजा की.”

पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९८८ मध्ये किमान मजुरी एकदम दुपटीच्या घरात गेली. मजुरांच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांना आनंद झाला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी पुढच्या काळातल्या महिन्यामहिन्याच्या उपस्थितीचे आकडे तपासले आणि १९९३ मध्ये निष्कर्ष मांडला: मजुरी वाढल्यावर कामावरची उपस्थिती घटली, आणि ती लोकांना काम नको होतं म्हणून घटली नव्हती. कामंच हात राखून काढली जात होती. हमी कायद्यात शाबूत राहिली आणि रानात आकसली. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. मजुरी वाढवणं चूक होतं असं म्हणायचंय का यांना? पुन्हा वाचल्यावर उमगलं, की ते म्हणत होते ते वेगळंच होतं. दर वाढवून निधी तेवढाच ठेवला, तर काम मागणाऱ्याला दारातून परत पाठवण्याची सोय होते, आणि परत जाणारा सगळ्यांत गरीब असतो. तेव्हापासून मजुरीच्या दराची मागणी करताना ‘कामं किती निघाली’ हा तक्ताही मी शेजारी ठेवतो.

हमीबद्दलचे आणखी काही निष्कर्ष निघू शकले याला एक कारण आहे. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातल्या कंझरा आणि किनखेडा या गावांत आपली माणसं राहायला ठेवली होती. तीच तीच घरं, वर्षानुवर्षं, दर काही आठवड्यांनी. कुणी काय पेरलं, कुणाकडे मजुरीला गेलं, किती उसनं घेतलं. या नोंदींमुळे एक जुना वाद बऱ्यापैकी मिटला. रोजगार हमीवर जाणारा मजूर दुसरीकडचं काम सोडून जातो, मग त्याचा फायदा तो काय, असं म्हटलं जाई. शिरापूर-कंझऱ्याच्या नोंदींवरून दत्त आणि रॅव्हॅलियन यांनी दाखवलं, की हमीवर मिळालेल्या मजुरीतला सुमारे चौथा हिस्साच दुसरीकडे बुडालेल्या मिळकतीत जातो. बाकीचं घरात येतं. त्या चार गावांत जाऊन राहिलेल्या अन्वेषकांची नावं कुठल्याच लेखाच्या शिरोभागी नाहीत. कंदिलाच्या उजेडात त्यांनी भरलेल्या वह्यांवर जगभरच्या विद्यापीठांतले प्रबंध उभे आहेत.

कुमुदिनी दांडेकर यांचं काम मी मुद्दाम वेगळं काढतो. १९८३ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी रोजगार हमीकडे बायकांच्या कामाची संधी म्हणून पाहिलं. योजना आखताना हे कुणाच्या फारसं मनात नव्हतं. शेतावर बाईची मजुरी पुरुषाहून कमी, हा गावचा रिवाज; हमीवर दर मापाचा, म्हणून बाईला आणि पुरुषाला एकच. परित्यक्ता, विधवा, एकट्या बाया या कामांवर मोठ्या संख्येने येत. शेतमालकाच्या तोंडाकडे न पाहता मिळणारं काम त्यांना दुसरं कुठलं होतं?

विषमतेबद्दल मात्र मला समाधानाने लिहिता येत नाही. रोजगार हमीने पोटाची आग विझवली, पण तिने काय उभं केलं आणि ते कुणाच्या मालकीचं झालं? बांध घातला तो कुणाच्या तरी शेताला. पाझर तलाव झाला तर खालच्या विहिरींना पाणी आलं. विहीर त्याची, ज्याची जमीन. रोनल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं, की ही योजना जमीनदार शेतकऱ्यांना मान्य होण्यामागे हेही कारण आहे. १९८८ नंतर हमीतून विहिरी आल्या, १९९० पासून फळबागा आल्या. कोकणातल्या आंबा-काजूच्या आणि कोरडवाहू डाळिंबाच्या, बोरीच्या कितीतरी बागा त्या पैशातून उभ्या आहेत. लहान शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, हे खरंच. पण ज्या बाईने तो खड्डा खणला तिच्या नावावर झाड नाही. गरिबी कमी करणं आणि विषमता कमी करणं ही दोन कामं आहेत. पहिलं मजुरीने होतं, दुसरं मालकी बदलल्याशिवाय होत नाही. आपल्या धोरणकर्त्यांनी पहिलं करून दुसरं केल्याचं पुण्य पदरात पाडून घेतलं, आणि आम्हा अभ्यासकांपैकी अनेकांनी त्यांना तसं करू दिलं.

दारिद्र्यरेषांचं पुढे काय झालं, ते या पुस्तकातल्या पाचव्या लेखात सविस्तर आहे. सुरेश तेंडुलकर समितीने २००९ मध्ये निव्वळ उष्मांकांची कास सोडून नवी पद्धत दिली. २०११ मध्ये योजना आयोगाने न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ रुपयांचा आकडा सांगितला तेव्हा देशभर संताप उसळला. तो संताप मला आशादायक वाटला. चार रुपयांचा हिशेब एका डॉक्टरला तपासावा लागला होता. ३२ रुपयांचा हिशेब रिक्षावाल्यांनी, भाजीवाल्यांनी, कॉलेजातल्या पोरांनी जागच्या जागी तपासला.

आता तो रकाना. मावशींनी विचारलं, कागदावरचे का खरे, आणि मी म्हणालो, “दोन्ही सांगा.” कागदावरचे त्यांना कुणी वाचून दाखवलेले नव्हते, त्यामुळे ते नंतर कचेरीतल्या हजेरीपटावरून उतरवून घेतले. खरे त्यांनी सांगितले, पण महिन्यांत नाहीत. त्यांनी बाजार मोजले. “खळी उठल्यावर चार बाजार काम. मग पंचमीपतोर काय न्हाई. पोळ्याच्या म्होरं दोन बाजार. त्यातल्या एका बाजाराचा पगार अजून न्हाई.” आठवडी बाजार हीच त्यांची तारीख. बाजारच्या दिवशी पैसा हातात असेल तर घरात मीठ-मिरची येते. नसेल तर दुकानदाराकडे उधारी वाढते. पगार किती दिवसांनी मिळाला, हे मला महिन्याच्या तारखांवरून कधीच कळलं नसतं. त्यांच्या बाजारांवरून ते आठवड्याच्या अचूकतेने कळलं.

त्या दिवशी मी रकान्याच्या मधोमध पट्टीने एक रेघ मारली. डावीकडे हजेरीपटावरचे दिवस, उजवीकडे मावशींचे बाजार. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सगळ्या प्रश्नावल्यांवर ती रेघ मारून झाली, आणि पुढच्या गावांना आम्ही तसेच कागद नेले. या पुस्तकाच्या दुसऱ्या लेखातला मोठा तक्ता त्याच पद्धतीने केलेला आहे. त्यातला उजवा रकाना बाजारांतच ठेवला आहे. छापताना त्याचे महिने करायचे नाहीत, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं.